उपसूचना फेटाळण्यात आली

दरवर्षी १४ एप्रिल आणि २६ नोव्हेंबर या दोन तारखा जवळ आल्या की एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एक बाजू म्हणते, घटना बाबासाहेबांनी एकहाती लिहिली. दुसरी बाजू लगेच घटना सल्लागार बी. एन. राव यांचा मसुदा पुढे करते, ब्रिटिशांचा १९३५ चा कायदा काढते, आयर्लंड-कॅनडा-अमेरिकेची यादी वाचून दाखवते आणि विचारते, मग यात आंबेडकरांचं काय उरलं? पहिल्या बाजूला हा अपमान वाटतो आणि बहुतेक वेळा तो अपमान असतोही, कारण विचारणाऱ्याला बी. एन. रावांबद्दल अचानक प्रेमाचं भरतं आलेलं नसतं. त्याला कुणाचं नाव खाली ओढायचंय हे सगळ्यांना दिसत असतं. पण या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता स्वीकारली आहे: घटना ही एखाद्या काव्यग्रंथासारखी असते आणि तिचा मान तिच्या कर्त्यावरून ठरतो. मला हे मुळातच मान्य नाही. घटनेला अधिकार मिळाला तो तिच्या मसुद्यावर भर सभागृहात हजारो हरकती घेतल्या गेल्या, त्यांना कारणं देऊन उत्तरं दिली गेली, आणि ज्यांच्या हरकती फेटाळल्या गेल्या ते सभासद दुसऱ्या दिवशी नवी उपसूचना घेऊन पुन्हा उभे राहिले, यामुळे. आंबेडकरांचं श्रेय मोजायचं तर इथे मोजावं. इथे मोजलं की ते कमी होत नाही, उलट वाढतं.

आधी विरोधकांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते मान्य करू. घटना सल्लागार राव यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिला मसुदा तयार केला आणि २९ ऑगस्टला नेमलेल्या मसुदा समितीने कलमवार तपासायला घेतला तो हाच मसुदा. पण हे कुणी जुनी कपाटं धुंडाळून बाहेर काढलेलं गुपित नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात खुद्द आंबेडकरांनीच ते सभागृहाला सांगितलं. मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं नाही, त्यात राव यांचा वाटा आहे, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा आहे, असं ते म्हणाले. आकडेही त्याच भाषणात आहेत. राव यांच्या मसुद्यात २४३ कलमं होती, मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ३१५, अंतिम घटनेत ३९५. मधल्या काळात सुमारे ७,६३५ उपसूचनांच्या नोटिसा आल्या आणि २,४७३ प्रत्यक्षात मांडल्या गेल्या. राव हे घटना समितीचे सभासद नव्हते, त्यामुळे यातल्या एकाही उपसूचनेला सभागृहात उभं राहून उत्तर देणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते ज्यांच्या वाट्याला आलं त्यांची प्रकृती त्या काळात ढासळलेली होती, आणि समितीतल्या सात जणांपैकी कुणी राजीनामा देऊन गेला, कुणी वारला, कुणी परदेशी, कुणी राज्यकारभारात गुंतलेला, त्यामुळे सगळा भार एकट्या आंबेडकरांवर पडला, असं टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला भर सभेत सांगितलं. २४३ आणि ३९५ यांच्यामध्ये जे घडलं, त्याला ‘लिहिणं’ म्हणायचं की नाही?

नकलेचा आरोप तर आंबेडकरांच्या तोंडावरच झाला होता. वीणेचे किंवा सतारीचे सूर हवे होते आणि इथे इंग्रजी बँड वाजतोय, अशी के. हनुमंतय्यांची तक्रार होती, आणि ती मुळीच पोरकट नव्हती. राज्यकारभाराची कितीतरी तपशीलवार कलमं १९३५ च्या कायद्यातून उचललेली होती. या आरोपावर आंबेडकरांनी आधीही सबबी सांगितल्या नव्हत्या. घटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं, उसनवारीत लाज वाटण्यासारखं काही नाही, खंत एवढीच की उसने घेतलेले भाग बहुतेक कारभाराच्या तपशिलांचे आहेत, असं त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला सांगून टाकलं. तपशील घटनेत का कोंबायचे, याचं त्यांचं उत्तर तर या देशावरच केलेली टीका होती: इथली लोकशाही वरवरचा थर आहे, खालची माती लोकशाहीची नाही, तेव्हा कारभाराची रचना पुढच्या विधिमंडळांच्या भरवशावर सोडणं धोक्याचं. हे उत्तर कुणाला पटो न पटो, नक्कल करणारा माणूस असं उत्तर देत नाही. मात्र नकलेच्या आरोपाला मी फार वेळ देणार नाही. कुठलं कलम कुठून आलं यापेक्षा, आल्यावर त्याचं सभागृहात काय झालं हे जास्त सांगण्यासारखं आहे.

आजचं कलम २१ घ्या. मसुद्यात ते कलम १५ होतं. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घ्यायचं तर ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’शिवाय, म्हणजे न्याय्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय, घेता येणार नाही, असे अमेरिकन वळणाचे शब्द आधी त्यात होते. १९४७ च्या अखेरीस राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. या शब्दांमुळे निवडून आलेल्या विधिमंडळाने केलेला कायदा मूठभर न्यायाधीश उलथवू शकतात, असा फ्रँकफर्टर यांचा इशारा होता, आणि त्याला त्यांच्याच देशाचा कडू इतिहास होता: याच शब्दांचा आधार घेऊन तिथल्या न्यायालयांनी कामगारांचे तास आणि वेतन ठरवणारे कायदे रद्द केले होते. जमीनसुधारणा करायला निघालेल्या देशाला ही भीती खोटी वाटली नाही. मसुदा समितीने ते शब्द काढून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द घातले. म्हणजे कायदा असला की झालं, तो न्याय्य आहे का हे न्यायालयाने विचारायचं नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये यावर सभागृहात जी चर्चा झाली, ती घटनेच्या कर्तृत्वावर भांडणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावी. मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन काढलेले शब्द परत आणा म्हणून उभे राहिले. ठाकूरदास भार्गव त्यांच्याच बाजूचे. आणि गंमत अशी, की मसुदा समितीतलेच कन्हैयालाल मुन्शी समितीच्या शब्दांविरुद्ध बोलले, तर समितीतलेच अल्लादी कृष्णस्वामी अय्यर त्या शब्दांच्या बचावासाठी उभे राहिले. १३ डिसेंबरला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मसुद्याचे सूत्रधार काय म्हणाले? बहुमताच्या जोरावर पक्ष जुलमी कायदा करू शकतो हा एक धोका. पाच-सहा न्यायाधीश आपल्या कलाप्रमाणे चांगला कायदा मोडू शकतात हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, मला निर्णायक मत देता येत नाही, सभागृहाने ठरवावं. आज एखादा मंत्री विधेयक मांडताना असं बोलेल, अशी कल्पना तरी करता येते का? सभागृहाने ठरवलं. उपसूचना फेटाळण्यात आली.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. बाहेर या कलमावर टीकेची झोड उठली. १५ सप्टेंबर १९४९ ला आंबेडकर नवं कलम घेऊन आले, ते आजचं कलम २२, आणि आधीच्या कलमावर जेवढी टीका झाली तेवढी दुसऱ्या कुठल्याच भागावर झाली नाही, अशी कबुली देऊन त्यांनी ही भरपाई आहे असं सांगितलं. अटकेची कारणं सांगायची, वकील मिळू द्यायचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. भरपाई अर्धीमुर्धीच होती, कारण त्याच कलमात खटल्याविना स्थानबद्धतेलाही जागा दिली गेली, आणि भार्गवांसारख्यांनी त्यावरही कोरडे ओढले. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मसुदा समितीच्या शब्दांचा कोरडा अर्थ उचलून धरला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. करीमुद्दीन जे मागत होते ते तीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आलं. आता सांगा, कलम २१ चा लेखक कोण? फ्रँकफर्टरना भेटून आलेले राव? शब्द काढणारी मसुदा समिती? वॉशिंग्टनमधला न्यायमूर्ती? स्वतःच्या समितीविरुद्ध बोललेले मुन्शी? की हरलेले करीमुद्दीन? हा प्रश्न हास्यास्पद वाटत असेल, तर संपूर्ण घटनेबद्दल तोच प्रश्न आपण इतक्या गांभीर्याने का विचारतो?

पंचायतीच्या कलमाची कथा तर याहून बोलकी आहे. ४ नोव्हेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी खेड्यांची जी संभावना केली ती प्रसिद्धच आहे: संकुचितपणाचं डबकं, अज्ञान आणि जातीयतेची गुहा. गांधींच्या हत्येला वर्षही झालं नव्हतं आणि सभागृहात गांधींचे अनुयायी खचाखच भरलेले. पुढचे कित्येक दिवस त्यांच्यावर शब्दांचा मारा झाला. हरि विष्णू कामतांनी ही शहरी पंडिताची तऱ्हा असल्याचं ऐकवलं. टीकाकारांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. आपल्याकडे औंध संस्थानात १९३९ मध्येच भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राहिलेली राज्यघटना लागू केली होती, तेव्हा हे निव्वळ स्वप्नरंजन म्हणून उडवून लावता येत नव्हतं. २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी पंचायतींसाठी नवं कलम सुचवलं. अठरा दिवसांपूर्वी खेड्यांवर तुटून पडलेल्या माणसाने एका वाक्यात ते स्वीकारलं. त्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. सभागृहाचा कल कुठे आहे हे त्यांनी ओळखलं आणि स्वतःचं मत बाजूला ठेवलं, एवढंच. पुढे १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती आली तेव्हा पंचायतींना खरे अधिकार मिळाले, आणि त्याबरोबर दलित, आदिवासी आणि स्त्रियांसाठी राखीव जागाही आल्या. म्हणजे संतानम यांचा आग्रह आणि आंबेडकरांचा संशय दोन्ही एकाच दुरुस्तीत बसले. या गोष्टीत कोण जिंकलं हे ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही.

कामतांचाच दुसरा प्रसंग. १७ ऑक्टोबर १९४९ ला त्यांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी उपसूचना मांडली. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, स्वतः श्रद्धाळू. समोर बहुसंख्य आस्तिक. हृदयनाथ कुंझरू म्हणाले, श्रद्धा ज्याची त्याला, ती सर्वांच्या वतीने लादू नका. पूर्णिमा बॅनर्जी यांनी विनवलं की देवाला मताला टाकू नका. कामतांनी मतमोजणीचाच आग्रह धरला. ४१ विरुद्ध ६८. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, असं म्हणून ते खाली बसले आणि पुढच्या चर्चेत पुन्हा भाग घेऊ लागले. देवभोळ्यांच्या सभागृहाने देवाला सरनाम्यातून बाहेर ठेवलं, आणि पदाच्या शपथेत मात्र ‘ईश्वरसाक्ष’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ असा पर्याय ज्याच्या त्याच्यावर सोडला. हे कुणा एका द्रष्ट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही.

इथवर वाचलेला सावध वाचक म्हणेल, हे सभागृह तरी कुणाचं होतं? सगळ्यांत वजनदार आक्षेप हाच आहे, आणि तोही नवा नाही. दामोदर स्वरूप सेठ यांनी ५ नोव्हेंबर १९४८ लाच मागणी केली होती की प्रौढ मतदानाने निवडलेली नवी समिती येईपर्यंत हे काम थांबवा. त्यांचा मुद्दा तथ्याला धरून होता. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर अवलंबून होता; त्या विधिमंडळांनी घटना समितीचे सभासद निवडले; मुस्लिम लीगने बहिष्कार टाकला; फाळणीनंतर काँग्रेसचं वर्चस्व जवळजवळ निर्विवाद झालं. अनेक निर्णय काँग्रेस पक्षाच्या बैठकीत आधीच ठरत आणि सभागृहात पक्षादेश निघे. हे सगळं खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालणारे घटनेची सेवा करत नाहीत. याला पूर्ण उत्तर नाही. अपुरी उत्तरं दोन आहेत. एक, मर्यादित मताधिकारातून आलेल्या त्या समितीने मर्यादित मताधिकारच संपवला, आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी नावांची मतदारयादी उभी राहिली. दुसरं, फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा छापून लोकांपुढे ठेवला आणि चर्चेला घेतला तो नोव्हेंबरमध्ये; मधले महिने देशभरातून हरकती येत राहिल्या.

इतिहासातली इतर उदाहरणं शेजारी ठेवली की पद्धतीचा फरक कळतो. १७८७ मध्ये अमेरिकेची घटना लिहायला फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी बंद दारांआड बसले, गुप्ततेची शपथच घेतल्यासारखे. त्यांच्यातल्या जेम्स मॅडिसनने ठेवलेली टिपणं छापली गेली ती १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. गुप्ततेच्या बाजूनेही बोलता येतं: चारचौघांत एकदा घेतलेली भूमिका सोडणं माणसाला जड जातं, बंद खोलीत तडजोड होते. पण त्याच बंद खोलीत गुलामांची गणना तीनपंचमांश माणूस म्हणून करण्याची तडजोडही झाली, आणि ज्यांची गणना होत होती त्यांच्यातला एकही तिथे नव्हता. दिल्लीत समित्या बंद दारांआड बसत, पण निर्णय उघड्या सभागृहात आणि छापील इतिवृत्तासह होत; आणि अस्पृश्यता रद्द करणारं कलम २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झालं त्या मसुद्याचा सूत्रधार स्वतः अस्पृश्यतेचे चटके सोसलेला माणूस होता. शेजारी कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीत १२ मार्च १९४९ ला उद्दिष्टांचा ठराव मंजूर झाला, तेव्हा बिगरमुस्लिम सभासदांच्या उपसूचना फेटाळल्या गेल्या. उपसूचना दिल्लीतही फेटाळल्या जातच होत्या, मग फरक कशात? कराचीत सभागृह दोन धर्मांच्या रेषेवर उभं फाटलं होतं. अल्पसंख्याक ठरलेले त्या प्रश्नावर कायमचे अल्पसंख्याकच राहणार होते. दिल्लीत आज कामतांबरोबर मत देणारा उद्या त्यांच्या विरुद्ध जाऊ शकत होता. हरणारे रोज बदलत होते. पाकिस्तानची ती समिती १९५४ मध्ये गव्हर्नर जनरलने बरखास्त केली. पुढे १९५६ ची घटना दोन वर्षांत लष्कराने गुंडाळली. याला कारणं अनेक आहेत, पण आपली हरकत ऐकली जाईल असा भरवसा ज्यांना नव्हता असे बरेच लोक तिथे होते, हे त्यांतलं एक.

आता उरला तो आवडता पुरावा: २ सप्टेंबर १९५३ चं राज्यसभेतलं भाषण. मी भाडोत्री लेखनिक होतो, सांगितलं ते लिहिलं, ही घटना जाळायला मी सर्वांत पुढे असेन, असं आंबेडकर संतापून बोलले होते. हे वाक्य त्यांचे विरोधक मिटक्या मारत उद्धृत करतात आणि त्यांचे भक्त ते झाकू पाहतात. दोघांनीही मार्च १९४७ चं त्यांचं निवेदन उघडून पाहावं. त्यात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि हे घटनेतच लिहिलेलं असावं, अशी मागणी आहे. अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र मतदारसंघ आहेत. यातलं जवळजवळ काहीच घटनेत आलं नाही. म्हणजे सर्वांत जास्त हरलेल्यांपैकी एक स्वतः मसुदा समितीचा अध्यक्ष होता. हे त्यांच्या मोठेपणाला बाधक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना सत्तेच्या पदावर बसून स्वतःचं मत न रेटणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही. त्यांनी निरोपाच्या भाषणात कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, भार्गव, के. टी. शहा, कुंझरू या बंडखोरांची नावं घेऊन आभार मानले: हे नसते तर हे सभागृह होयबांचं झालं असतं. यांतल्या पंजाबरावांनी नागरिकत्वाच्या कलमात हिंदू आणि शिखांना धर्माच्या आधारे हक्क द्यावा अशी सूचना केली होती आणि ती आंबेडकरांनी मान्य केली नव्हती. तरी नाव घेतलं.

याच के. टी. शहांनी १५ नोव्हेंबर १९४८ ला पहिल्या कलमात ‘सेक्युलर’, ‘फेडरल’ आणि ‘सोशलिस्ट’ हे शब्द घालण्याची उपसूचना मांडली होती. विरोध केला तो राज्य समाजवादाची मागणी करणाऱ्या आंबेडकरांनीच: समाजाची आर्थिक रचना काळानुसार लोकांनी ठरवावी, घटनेने आज तिला बांधून ठेवू नये. उपसूचना फेटाळण्यात आली. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने त्यांतले दोन शब्द सरनाम्यात आले. तेव्हा आणीबाणी होती आणि विरोधी पक्षांचे अनेक सभासद तुरुंगात होते. आज या दोन शब्दांवरून जे रणकंदन चालतं त्यात एक बाजू म्हणते ते बाबासाहेबांच्या घटनेत नव्हते, दुसरी म्हणते घटनेचा आत्मा तोच होता. दोघांनाही कर्त्याचं प्रमाणपत्र हवंय. मला ते शब्द नकोसे नाहीत, पण ज्या सभागृहात ‘नाही’ म्हणू शकणारे गजाआड होते तिथे ते घातले गेले, हा त्यांच्यावरचा खरा डाग आहे, आणि शब्दांच्या समर्थकांनी तो मोकळेपणाने मान्य करावा. त्याचबरोबर विरोधकांनी पुढचं पानही उलटावं. १९७८ मध्ये जनता सरकारने ४२ व्या दुरुस्तीतलं बरंच काही उखडून काढलं, तरी हे शब्द काढले नाहीत. उलट त्यांची व्याख्या करायचा प्रयत्न केला: सेक्युलर म्हणजे सर्व धर्मांना समान आदर, सोशलिस्ट म्हणजे शोषणमुक्त. राज्यसभेत काँग्रेसचं बळ होतं आणि ती व्याख्या तिथे मंजूर झाली नाही. पण यावेळी ‘नाही’ म्हणणारे सभागृहात हजर होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांविरुद्धच्या याचिका फेटाळल्या तेव्हा इतक्या वर्षांनी आव्हान का, असंही विचारलं. माझ्या मते त्या शब्दांना जो काही अधिकार आहे तो १९७६ चा नाही. तो १९७८ चा आहे.